गाणे हाती बसताना

आमच्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत एक वस्तू अशी आहे, की जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. कपाटाच्या माथ्यावर, जुन्या सुटकेसच्या आणि नाताळच्या गोठ्याच्या खोक्याच्या शेजारी ती निजलेली असते. ती म्हणजे गिटार. तिची एक तार तुटलेली असते आणि बहुधा ती सर्वांत बारीक तारच असते. घरातील मुलाने किंवा मुलीने दहावीच्या सुटीत मोठ्या हौसेने ती मागून घेतलेली असते. बोटांच्या टोकांना घट्टे पडण्याआधीच सुटी संपते, आणि पुढे दर नाताळात गोठ्याचे खोके खाली काढताना धक्का लागला म्हणजे ती तेवढी एकदा हुंकारते.

गिटार का सोडलीस, असे मुलांना विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : गाणे लवकर बसत नाही. वडीलधारी मंडळी हे उत्तर आळसाचे मानतात. आम्हांला मात्र तसे वाटत नाही. गाणे लवकर बसावे ही इच्छा अगदी रास्त आहे. वाद्य हे गाण्यासाठी असते, आणि सहा महिने बोटांची कवाईत करूनही ज्याला घरच्या माणसांबरोबर एक गाणे पुरे म्हणता आले नाही, त्याने वाद्य खाली ठेवले तर त्यात त्याचा दोष तो कोणता? गाणे लवकर बसवण्याची वाट आहे. ती बोटांच्या वेगातून मात्र जात नाही. ती कोठून जाते याचा शोध आम्हांला वयाच्या साठीत, हौसेपोटी नव्हे तर गरजेपोटी घ्यावा लागला, म्हणून हा लेखनप्रपंच.

गरज अशी होती. वसईच्या वाड्यावाड्यांतून मे महिन्यात क्रूसाजवळ जपमाळेची प्रार्थना होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. आमच्या वाडीत या प्रार्थनेला पेटीची साथ असे. पेटीवाले काका, ज्यांना सारी वाडी याच नावाने ओळखे, २०२२ च्या आगमनकाळात देवाघरी गेले. ईस्टरनंतर वाडीची बैठक भरली तेव्हा पेटी उघडण्यास कोणी पुढे आले नाही. एका तरुणाने सुचवले, की गाणी मोबाइलवरून स्पीकरला लावावीत. शब्द लोकांना पाठ आहेतच, लोक मागून म्हणतील. सूचना सद्‍भावनेचीच होती. परंतु ध्वनिमुद्रित गाणे लागले की माणसे हळूहळू गप्प होतात, हा अनुभव आम्ही लग्नघरी घेतला आहे आणि मयताच्या घरीही घेतला आहे. स्पीकरवरचा गायक दमत नाही, थांबत नाही, कोणासाठी सूर खाली आणत नाही. मग वृद्धांचा श्वास अपुरा पडतो आणि ती मंडळी ऐकणाऱ्यांत जमा होतात. ज्या प्रार्थनेत म्हाताऱ्यांनी गायचे नाही, ती प्रार्थना आणखी किती वर्षे टिकणार?

महाविद्यालयात असताना आम्ही चार कॉर्ड शिकलो होतो, ही वार्ता दुर्दैवाने वाडीत प्रसिद्ध होती. सर्वांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. कॅनडाला गेलेल्या पुतण्याची गिटार आमच्या कपाटावर होतीच. ईस्टरच्या सोमवारपासून १ मे २०२३ पर्यंत बरोबर तीन आठवडे हाती होते, आणि काकांच्या वहीत बत्तीस गाणी होती.

तीन आठवड्यांत बत्तीस गाणी बसवायची तर रोज दीड गाणे झाले. हा हिशेब मांडला की छाती दडपते. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र वही हाती घेऊन वेगळाच प्रश्न विचारला : “ही बत्तीस गाणी खरोखर बत्तीस आहेत का?” त्यांना तालाविषयी म्हणायचे होते, निम्मी गाणी दादऱ्याची आणि उरलेली केरव्याची, त्यामुळे एक गाणे आले की त्याच्या जातीची दहा आली, असे त्यांचे म्हणणे. स्वयंपाकघरात एका वाटणावर चार भाज्या काढणाऱ्या गृहिणीला जे सहज सुचते, ते पुरुषांना वहीत आकडे मांडून कळते. आम्ही तोच प्रश्न कॉर्डच्या बाबतीत विचारून पाहिला, आणि तेथून वाट उघडत गेली.

पेटीवर ज्यांनी गाणी म्हटली आहेत त्यांना सा, म आणि प यांचे नाते निराळे सांगावयास नको. साधी भक्तिगीते या तीन स्वरांच्या खांबांवर उभी असतात. गिटारवर या तीन खांबांच्या तीन कॉर्ड होतात. सा ची कॉर्ड म्हणजे सा, ग, प हे तीन स्वर एकदम. म ची कॉर्ड म्हणजे म, ध आणि वरचा सा. प ची कॉर्ड म्हणजे प, नि आणि वरचा रे. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे : सातही शुद्ध स्वर या तीन कॉर्डमध्ये येऊन जातात. म्हणूनच चालीतील ज्या स्वरावर आवाज टेकतो, तो स्वर ज्या कॉर्डमध्ये बसतो ती कॉर्ड तेथे धरावी, हा साधा नियम घेऊन अर्ध्याहून अधिक गाणी कोणाच्याही मदतीवाचून उलगडतात. सा आणि प हे दोन स्वर दोन-दोन घरांत राहतात, तेथे थोडे कानाला विचारावे लागते. उरलेल्या गाण्यांत चौथी एक कॉर्ड लागते, ती बहुधा ध ची, किंचित उदास अशी.

आम्ही वहीतील प्रत्येक ओळीवर पेन्सिलने एवढेच लिहिले : सा, म, प, सा. इंग्रजी अक्षरे लिहिली नाहीत. याचा लाभ असा, की गाणे वरच्या पट्टीत घ्या की खालच्या, वहीतील खुणा बदलत नाहीत. अमेरिकेतील नॅशव्हिल या गावच्या ध्वनिमुद्रणगृहांत वादक याच हेतूने कॉर्डना एक, चार, पाच असे आकडे घालतात. ती पद्धत ‘जॉर्डनेअर्स’ या गायकवृंदातील नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रूढ केली. त्यांचे आकडे आणि आमची सरगम एकच गोष्ट सांगतात. आपल्याकडील पेटीवाल्यांना हे ज्ञान पूर्वापार आहे. गिटार शिकणाऱ्या मुलांपर्यंत मात्र ते पोचत नाही, कारण गिटारचे पुस्तक वेगळ्या दुकानातून येते!

अशा खुणा लिहून झाल्या तेव्हा एक नवल दिसले. दहा गाण्यांचे पहिले कडवे खुणांच्या दृष्टीने जवळजवळ सारखे होते. शब्द निराळे, चाल निराळी, भाव निराळा. खाली खांब तेच. बत्तीस गाणी म्हणून जी वही आम्हांला भिववीत होती, तिच्यात फार तर आठ-नऊ घडणी होत्या.

येथे एका प्रसिद्ध गीताची हकिकत सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘सायलेंट नाइट’ हे गीत मराठीसह जगातील असंख्य भाषांत नाताळच्या रात्री गायिले जाते. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ या नदीकाठच्या गावी सेंट निकोलस चर्चमध्ये योसेफ मोर नावाचे तरुण साहाय्यक धर्मगुरू होते. १८१६ मध्ये त्यांनी एक कविता लिहिली होती. २४ डिसेंबर १८१८ रोजी त्यांनी ती फ्रान्झ झाव्हर ग्रूबर या शाळामास्तरांकडे दिली आणि दोन आवाज, गायकवृंद व गिटार यांसाठी तिला चाल लावण्याची विनंती केली. त्याच दिवशी चाल झाली आणि त्याच रात्री ते गीत चर्चमध्ये गायिले गेले. मोर यांनी गिटार धरली आणि वरचा आवाज सांभाळला, ग्रूबर यांनी खालचा. ही हकिकत ग्रूबर यांनीच पुढे १८५४ मध्ये लिहून ठेवली आहे. चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला होता म्हणून गिटार आली, अशी जी गोष्ट मुलांना सांगतात, ती मात्र ग्रूबर यांच्या हकिकतीत नाही. ती मागाहून कोणीतरी जोडली. मोर यांची गिटार आज हालाइन या गावच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

गाणे एका दिवसात रचले गेले आणि एका संध्याकाळी बसले, हे कसे घडले असेल? मूळ गीत डी या सुरात आहे आणि ते सा, म, प या तीनच कॉर्डवर उभे राहते. पहिल्या ओळीत तर सा वरून हलावेच लागत नाही. मग थोडा वेळ प, पुन्हा सा, मग म, पुन्हा सा. प्रत्येक कॉर्डवर गिटारीला विसावा आहे आणि लय पाळण्यासारखी संथ आहे. मोर यांच्या हातात घाईघाईने बसावे असेच ते गाणे आहे, आणि तरीही त्यात काही उणे नाही. साध्या कॉर्डची गाणी ही नवशिक्याची गाणी, असे जे आपण समजतो, त्याला दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीने केव्हाच उत्तर दिलेले आहे.

चर्चमध्ये गिटार कशी चालते, असे अजूनही कोणी नाक मुरडून विचारतात, म्हणून जाता जाता सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केलेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहे, आणि पवित्र उपयोगास साजेशी असतील तर इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने घेता येतील असेही म्हटले आहे. साजेसे होणे हे वाजवणाऱ्यावर असते. असो.

आता हातांविषयी. शेजारचा एक विद्यार्थी, वय एकोणीस, आमचा गुरू झाला. त्याला आम्ही ‘सर’ म्हणावे असे आमच्या सौभाग्यवतींचे मत होते. तो मात्र आम्हांला ‘अंकल’ म्हणून अंगणात चांगलाच राबवून घेई. त्याने पहिल्या दिवशी गाणे वाजवू दिले नाही आणि स्वतंत्र कॉर्डही घोटून घेतल्या नाहीत. त्याने दोन कॉर्डच्या मधला सांधा पकडला. त्याचे म्हणणे असे : कॉर्ड धरता येणे ही एका जागी उभे राहण्याची विद्या आहे, आणि गाणे तर चालत असते. सी वरून ए-मायनरवर जाताना मुले हात पूर्ण उचलतात आणि तिन्ही बोटे नव्याने मांडतात. वस्तुतः त्यातील दोन बोटे जागची हलवायचीच नसतात. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर यायची असते. ई वरून ए-मायनरवर जाताना बोटांची आकृती तीच राहते, ती अख्खी एकेक तार खाली सरकते. जी आणि डी यांच्यामध्ये अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर खुंट्यासारखी रोवून ठेवता येते, मात्र जी चार बोटांनी धरायला हवी. प्रत्येक जोडीत कोणते बोट घरीच राहते आणि कोणते बाहेरगावी जाते, हे एकदा पाहून ठेवले की हाताची निम्मी वणवण संपते.

हे सांधे आम्ही घड्याळ लावून घोटले. एक मिनिटात एका कॉर्डवरून दुसरीवर किती वेळा स्वच्छ जाता येते, हे मोजायचे आणि वहीत मांडायचे. गाणे नाही, ताल नाही, नुसते जाणे-येणे. पहिल्या दिवशी सी आणि जी यांच्यात अकरा झाले, आठव्या दिवशी एकतीस. वेग वाढवण्याचा प्रयत्न कोणत्याही दिवशी केलेला नव्हता; सावकाश आणि स्वच्छ एवढेच पथ्य होते.

उजव्या हाताविषयी त्या मुलाचा एकच कायदा होता आणि तो मोडू देत नसे. “अंकल, डावा हात चुकला तरी चालेल, उजवा थांबता कामा नये.” कॉर्ड वेळेवर पोचली नाही तर उजव्या हाताने मोकळ्या तारांवरून, अगदी तारांना स्पर्श न करता हवेतून सुद्धा, आपली फेरी पुरी करायची. ऐकणाऱ्याला एक अर्धवट कॉर्ड कळत नाही, पण ताल अडखळला तर सबंध वाडीला कळते. रहाटाचे एखादे मडके फुटके असले तरी रहाट फिरत राहतो, आणि पाटात पाणी येतच राहते.

आणखी एक गोष्ट आम्ही केली आणि तिला शास्त्राचा आधार आहे. एकच गाणे दोन तास घोटण्याऐवजी सकाळी वीस मिनिटे आणि रात्री जेवणानंतर वीस मिनिटे असे दोन वेळा बसलो, आणि प्रत्येक बैठकीत तीन-चार गाणी आलटून पालटून घेतली. अमेरिकेत मॅथ्यू वॉकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोटांनी कळांचा एक क्रम दाबावयास शिकलेल्या माणसांचा वेग, मध्ये एक रात्रीची झोप झाल्यावर, आणखी सराव न करताही सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तेवढेच तास जागे राहिलेल्यांचा तसा वाढला नाही. रात्री जे हाताला नकोसे वाटे ते सकाळी चहाआधी सुरळीत येई, हे आम्ही घरीच पाहिले होते. म्हणून एक रात्र मध्ये गेल्याशिवाय गाण्याचा निकाल लावू नये, असे आम्ही ठरवून टाकले. आलटून पालटून घेण्याचे सांगावे तर तसे केल्याने त्या दिवशी सगळेच कच्चे वाटते; दोन दिवसांनी मात्र जे उरते ते अधिक असते.

आता बारा सुरांचा प्रश्न उरला. पेटीवर काका पांढरी पाच धरीत किंवा काळी चार, म्हणणाऱ्यांच्या गळ्याप्रमाणे. गिटारवर ही सोय कॅपो करतो. हा एक छोटा चिमटा. जितक्या फ्रेटवर लावाल तितक्या पायऱ्यांनी सूर वर जातो, बोटांची आकृती तीच राहते. एका दुपारी आम्ही कागद घेऊन बसलो आणि असे आढळले, की जी, डी आणि ए ही तीन घराणी आली म्हणजे काम भागते. जी च्या घराण्यात जी, सी, डी. डी च्या घराण्यात डी, जी, ए. ए च्या घराण्यात ए, डी, ई. सगळ्या मिळून पाचच आकृती, आणि एकीतही आडवे बोट नाही. जी चे घराणे कॅपोवाचून आणि मग पहिल्या चार फ्रेटवर घ्यावे, की पांढरी पाच, काळी चार, पांढरी सहा, काळी पाच आणि पांढरी सात हे सूर मिळतात. ए चे घराणे तिसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर घेतले की पांढरी एक आणि काळी एक. डी चे घराणे कॅपोवाचून आणि पहिल्या चारांवर घेतले की पांढरी दोनपासून काळी तीनपर्यंत. बारा सूर पुरे झाले आणि कॅपो चौथ्या फ्रेटच्या पुढे गेला नाही. हा कागद आम्ही गिटारच्या पिशवीत ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी वरचे वाक्य उतरून घ्यावे.

१ मे आला. पहिल्या तीन संध्याकाळी नीट पार पडल्या. चौथ्या दिवशी क्रूसाशेजारच्या घरातील मावशी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, खुर्ची घेऊन पुढे बसल्या, आणि आम्ही कॅपो लावून सूर देण्याआधीच त्यांनी गाणे उचलले. सूर आमच्या कागदातील कोणत्याही दोन सुरांच्या मधला होता. आम्ही हळूच म्हटले, “मावशी, मी सूर देतो, त्यात घ्या ना.” त्यांनी कडवे पुरे केले आणि मग म्हणाल्या, “बाबा, तुझ्या तारा माझ्या मागून आण. मी काही आता बदलायची नाही.” सगळे हसले, आम्हीही हसलो, पण त्या वाक्यात साथ या शब्दाचा सगळा अर्थ होता. पेटीवाले काका चाळीस वर्षे हेच करीत होते. ते मावशींच्या दोन शब्दांपर्यंत थांबत, मग पेटीचा भाता हलवीत, आणि लोकांना वाटे की काकांनीच सूर दिला!

तेव्हापासून आमची शिकण्याची वहीच बदलली. घरी बसवलेली गाणी ही केवळ पूर्वतयारी. खरे गाणे क्रूसासमोर एका वेळी एक ओळ असे शिकावे लागते. पहिली ओळ ऐकायची, हलक्या हाताने जाड तार छेडून मावशींचा सा कोठे आहे ते शोधायचे, कॅपो लावायचा, आणि दुसऱ्या ओळीपासून आत शिरायचे. सूर दोन फ्रेटच्या मध्ये पडला तर जवळच्या फ्रेटवर राहायचे आणि तारा अगदी हळू वाजवायच्या. तिसऱ्या ओळीपर्यंत जमलेल्या पन्नास माणसांचे आवाज मावशींना आणि गिटारला दोघींना एकत्र आणतात. त्यांची काही गाणी ताल पाळीतच नाहीत. शब्द संपतो तेथे श्वास, आणि श्वास संपतो तेथे पुढची ओळ. तेथे स्ट्रमिंग बंद. ओळीच्या आरंभी एकदा अंगठ्याने खालचा स्वर वाजवायचा आणि हात तारांवर ठेवून वाट पाहायची. तीन आठवड्यांत घोटलेल्या सगळ्या विद्येपैकी ही वाट पाहण्याची विद्या मुलांना सर्वांत कठीण जाते. आमच्या गुरूलाही ती कठीण गेली, आणि येथे प्रथमच त्याने आम्हांला विचारले, “अंकल, पुढची ओळ कधी येणार हे तुम्हांला कळतं कसं?” मावशींच्या खांद्यांकडे पाहा, असे आम्ही सांगितले. श्वास घेताना खांदे उचलतात.

मे महिन्याच्या अखेरीस असे ध्यानात आले, की मावशी जी गाणी म्हणतात त्यांपैकी सहा काकांच्या वहीत नाहीत. ती इतर कोणाच्याही वहीत नाहीत. दोन त्यांच्या आईकडून आलेली, बाकीची कोठून आली ते त्यांना आठवत नाही. वाडीतील कोणालाही ती पहिल्या कडव्यापलीकडे येत नव्हती. आता लवकर शिकण्याला निराळाच अर्थ आला. क्रूसाची प्रार्थना पुढच्या मे महिन्यात पुन्हा येणार होती. मावशींच्या वयाला मात्र कोणी मे महिन्याचे आश्वासन देऊ शकत नाही. आम्ही आणि तो विद्यार्थी दर रविवारी मिस्सानंतर त्यांच्या ओटीवर बसू लागलो. त्याच्या मोबाइलवर आवाज उतरवून घ्यायचा, आमच्या वहीत शब्द आणि सा, म, प लिहायचे, आणि उठण्यापूर्वी एकदा तरी त्यांच्याबरोबर वाजवून म्हणायचे. या शेवटच्या गोष्टीविषयी आम्ही हट्टी होतो. मोबाइलमध्ये गाणे राहते हे खरे, पण ते कपाटावरच्या गिटारसारखे राहते.

चार गाणी जुलै उजाडण्याआधी बसली. खांब ओळखीचे होते, सांधे हातात होते. एकेका गाण्याला दोन रविवार पुरले. पाचव्याला पाच रविवार लागले, कारण त्याची चाल कडव्यागणिक थोडी सरकते. ती पाचही आता वाडीतील वीसेक माणसांना येतात आणि गेल्या नाताळात मुलांच्या गायकवृंदाने त्यांतील एक उचलले.

सहावे अजून बसलेले नाही. ते जी च्या घराण्यात, पहिल्या फ्रेटवर, म्हणजे काळी चारमध्ये छान चालते, आणि तिसऱ्या ओळीत मावशी कोमल नी घेतात. वर सांगितलेल्या तीन कॉर्डच्या नियमात शुद्ध स्वरांचाच बंदोबस्त आहे. कोमल नी आला की तेथे एफ ची आकृती धरावी लागते. एफ म्हणजे तीच, जिच्यात तर्जनी आडवी पाडून सहाही तारा दाबाव्या लागतात आणि जिच्यापायी आमच्या धर्मग्रामातील निम्म्या गिटारी कपाटावर गेल्या. आमच्या गुरूने तूर्त तिची धाकटी बहीण दाखवली आहे, चारच तारांची, आडव्या बोटावाचूनची. ती कानाला जवळजवळ पटते. परंतु अडचण एवढ्यावर संपत नाही. मावशी कोमल नी एका रविवारी घेतात आणि पुढच्या रविवारी त्याच शब्दावर शुद्ध नी घेतात. मोबाइलवर दोन्ही उतरलेले आहेत. कोणता खरा, म्हणून आम्ही त्यांना दोन्ही ऐकवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले, मान डोलावली, आणि म्हणाल्या, “दोन्ही मीच म्हटलंय ना? मग दोन्ही लिहून ठेव.”

वहीत तिसऱ्या ओळीवर आता दोन खुणा आहेत, एकीखाली एक. तारा मात्र पावसाळ्यात गंजल्या आहेत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्या फार दिवस टिकत नाहीत. नवा संच आणून ठेवला आहे, तो शनिवारी चढवायचा आणि रविवारी सकाळी त्या विद्यार्थ्याला घेऊन ओटीवर जायचे, असे ठरले आहे.